उताण्या प्लेटा

१

सोमवारी सकाळी मी पर्स टेबलावर टेकवते न टेकवते तोच चिमणी रडत आत आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा प्लेटा, आणि नाक पुसायला हात मोकळा नाही म्हणून ती ते खांद्याला घासत होती.

"मॅडम, कुणीतरी माझ्या कामाचं वाटोळं केलंय हो!"

"आधी तो ट्रे खाली ठेव," मी म्हटलं. "आहे ते तरी सांडू नकोस."

मी ही अशीच बोलते. मुलं माघारी मला फौजदारीण म्हणतात. मला ते आवडतं, पण त्यांना तसं कळू देत नाही. आमच्या रेणवीय जीवशास्त्र विभागात पदवीच्या शेवटच्या वर्षाला जे प्रबंध होतात, त्यांची मी समन्वयक. मुलांपुढे वाटा तीन. वर्षभर प्रयोगशाळेत स्वतः राबून करायचा प्रबंध, ही पहिली. ग्रंथालयात बसून दुसऱ्यांनी केलेलं वाचून लिहायचा, ही दुसरी. आणि प्रबंधाच्या नादालाच न लागता दोन जादा विषयांची परीक्षा द्यायची, ही तिसरी. पहिली सगळ्यांनाच हवी असते, कारण पुढे संशोधनात जायचं तर तीच लागते. जागा मात्र मूठभर. नावं गाळून शिव्या खायचं काम माझ्याकडे.

चिमणीला पहिली वाट मिळाली होती. मुलगी चुणचुणीत, बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून चिमणी. ती जंतूंमध्ये एक जनुक बसवत होती. जनुक बसलं की झाकणाच्या चपट्या प्लेटमधल्या जेलीवर पांढरे ठिपके उगवायचे, नाही बसलं तर निळे. तीन प्लेटांत जनुक दिलेले जंतू, तीन प्लेटांत तुलनेसाठी न दिलेले. म्हणजे तीन पांढऱ्या आणि तीन निळ्या, इतकं सरळ काम.

मी वाकून बघितलं. 'जनुक दिलं' असं लिहिलेल्या दोन प्लेटा निळ्याशार होत्या, आणि 'दिलं नाही' वाल्या दोन पांढऱ्या.

"न दिलेलं जनुक बसेल कसं, सांगा ना मॅडम!" चिमणी म्हणाली. "याआधी दोनदा सगळं बरोबर आलं होतं. हे शेवटचं होतं. शनिवारी मी स्वतः प्लेटा पालथ्या ठेवून गेले. आज इनक्युबेटर उघडते तर सगळ्या उताण्या! आणि हे बघा, पट्ट्या. मी कधीच पट्टी लावत नाही."

खरंच होतं. प्रत्येक प्लेटला दोन्ही बाजूंनी कागदी चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावलेला होता, झाकण आणि तळ धरून ठेवणारा. अगदी टापटीप.

प्लेट पालथी, म्हणजे झाकण खाली करून ठेवायची, हे आमच्याकडे पहिल्याच तासाला शिकवतात. इनक्युबेटरच्या उबेत जेलीला पाणी सुटतं आणि झाकणावर जमतं. प्लेट उताणी असली की तो थेंब ठिपक्यांवर पडतो आणि सगळी खिचडी होते. आमची मुलं पुढे घरी बशासुद्धा पालथ्या घालतात, इतकं ते हाडात मुरतं.

"नाव झाकणावर लिहितेस?" मी विचारलं.

"तळावर लिहिलं की ठिपके नीट मोजता येत नाहीत, मॅडम."

मी तोंड उघडणार होते, पण तिला पुन्हा हुंदका आला. म्हटलं, राहू दे. मेलेल्याला काय मारायचं.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. हा माझाच जुना विद्यार्थी. तेव्हा परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकवायचा, आता घड्याळात डोकावतो. त्यांनी प्लेटा बघितल्या, कपाळाला आठी घातली आणि खाली पहारेकऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"रविवारी होय साहेब? एकच पोरगं आलं होतं. ते गप्प असतं ना, ते."

२

ते गप्प असतं ते पोरगं म्हणजे मुनी. नाव मुलांनीच पाडलेलं. रविवारची किल्ली त्याच्याकडे असते, कारण रविवारी यायची हौस बाकी कुणालाच नाही. मुनीलाही पहिलीच वाट मिळालेली. आणि विभागातून दरवर्षी एकाच प्रबंधाची पुढच्या संशोधनासाठी शिफारस होते. यंदा चुरस होती ती चिमणी आणि मुनी या दोघांतच. विभागप्रमुखांना याहून जास्त काही नको होतं.

"गुरुवारी समिती बसतेय," ते मला म्हणाले. "त्याला प्रयोगशाळेतून काढून ग्रंथालयाच्या प्रबंधावर टाकू. शेरा मारून."

"चौकशी न करता?"

"मग करा की चौकशी. गुरुवारपर्यंत तुमच्याच हातात आहे."

शेरा मारून म्हणजे काय, ते सांगते. दुसऱ्याच्या कामात घातपात केला असं कागदावर एकदा आलं की जगातली कुठलीही प्रयोगशाळा त्या मुलाला दारात उभं करत नाही. वय काय, तर एकवीस. घरून ना फोन ना भेट. आईवडिलांबद्दल मी एकदा विचारलं होतं, तर "आहेत" एवढंच म्हणाला. कसे आहेत, कुठे आहेत, काही नाही. त्याचं काय ते प्रयोगशाळेतलं एक टेबल आणि एक स्टूल. तेच आता काढून घ्यायचं चाललं होतं.

मी वर गेले. आमची प्रयोगशाळा लांबोडकी, दोन्ही बाजूंना टेबलं, मधून चालायला वाट. खिडकीपाशी इनक्युबेटर घरघरत असतं. टोकाला एक छोटी खोली. तिथे बुरशीसर बसायचे. वर्षभरापूर्वी ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन बसल्या. बुरशी हा विषयच आमच्याकडून त्यांच्याबरोबर गेला, आता कुणी करत नाही. सरांचं आणि माझं तीस वर्षं एकच इनक्युबेटर होतं. त्यांच्या प्लेटा ठेवायची तऱ्हा वेगळी, माझी वेगळी, आणि त्यावरून आमची अशी जुंपायची की शिपाई दार लावून घ्यायचा.

मुनी आपल्या टेबलापाशी उभा होता. समोर काम नव्हतं, नुसता उभा.

"रविवारी तू होतास?"

"हो मॅडम."

"चिमणीच्या प्लेटांना हात लावलास?"

"नाही."

"मग कुणी लावला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. उत्तर माहीत नसलेल्या मुलाचं तोंड मी ओळखते, आयुष्यभर तीच तोंडं बघितलीत. हे तोंड तसं नव्हतं.

"अरे बाबा, गुरुवारी तुला इथून काढतायत. तुझ्यावर शेरा मारतायत. कळतंय का तुला?"

"कळतंय, मॅडम."

"मग बोल की काहीतरी!"

त्याचे डोळे भरून आले. पण तोंडात जणू मिठाची गुळणी धरली होती. मी जिना उतरताना मनात म्हटलं, या पोराने काही केलेलं नाही. पण कुणी केलं, ते याला नक्की माहीत आहे.

३

तिसरा माणूस लंबू. त्याला प्रयोगशाळेतली जागा थोडक्यात हुकली होती, आणि ती मीच हुकवली होती. तेव्हापासून तो ग्रंथालयात बसून प्रबंध लिहीत होता, म्हणजे बहुतेक झोपत होता. चिमणी म्हणाली होती की लंबू तिला येताजाता म्हणायचा, "तुझे जंतू मरोत, म्हणजे माझी वर्णी लागेल." त्याच्या पिशवीत कागदी चिकटपट्टीचं अख्खं भेंडोळंही होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तक्ते चिकटवायला, मॅडम. अहो, मी घातपात करीन? इनक्युबेटरचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेसुद्धा मला आठवत नाही."

"जंतू मरोत कोण म्हणत होतं?"

लंबू ओशाळला. "ते आपलं असंच. चिमणीची चेष्टा केली नाही तर तिला चुकल्यासारखं होतं." मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, खरंच मुनीला काढणार का?"

"का? तुझी वर्णी लागेल म्हणून खुश?"

"नाही हो. त्याचं वाईट वाटतं. मी रविवारी ग्रंथालयातच होतो. माझ्या खिडकीतून तुमच्या मागच्या पायऱ्या दिसतात. दर रविवारी तो तिथे चहा पितो. प्रयोगशाळेत चहा न्यायचा नाही ना, म्हणून बाहेर. दोन कप घेऊन येतो."

"दोन?"

"दोन. मला वाटायचं, दोन्ही तोच पितो. एकट्या माणसाच्या काय तऱ्हा असतात, आपण कशाला विचारायचं! आणि मग मी पुन्हा झोपायचो."

"या रविवारीही दोन?"

"होय की."

मागच्या पायऱ्यांवरचं दार फक्त आतून उघडतं. पहारेकरी बसतो पुढे. मी लंबूला म्हटलं, जा, झोप आता खुशाल. माझी मात्र झोप उडाली होती.

४

मंगळवारी मी मुनीला खोलीत बोलावून समोर बसवलं. नेहमीसारखा आवाज चढवला नाही, त्यानेच तो जास्त घाबरला.

"दुसरा कप कुणाचा?"

त्याचे कान लाल झाले. "माझाच, मॅडम."

"आणि पहिला?"

"तोही माझाच."

"वा! मोठा चहाबाज दिसतोस."

तो बूट बघत बसला. मग एकाएकी म्हणाला, "मॅडम, मी ग्रंथालयाचा प्रबंध करीन. चालेल मला. फक्त आणखी कुणाला काही विचारू नका."

माझ्या नोकरीत पहिली वाट सोडून दुसरी मागणारा मुलगा मी पाहिला नव्हता. तोही गुन्हा न करता. कुणासाठी तरी हा स्वतःचं सगळं सोडायला निघाला होता, आणि ज्याच्यासाठी निघाला होता तो माणूस कुठे होता?

त्या संध्याकाळी घरी गेले. कुलूप मीच काढलं. सकाळी लावलंही मीच होतं, माझ्याकडे दुसरं कुणी नाही. खिचडी टाकली आणि टेबलावर तशीच निवू दिली. मुनीच्या दोन कपांमागचं कोडं काही सुटेना. मैत्रीण म्हणावी तर हा मुलगा मुलींना वाटसुद्धा विचारत नाही. मित्र म्हणावा तर लपवायचं कशाला?

बुधवारी दुपारी टेबल आवरायला घेतलं. चिमणीच्या प्लेटा सोमवारपासून माझ्या खिडकीत पडून होत्या. त्यातली एक उचलली आणि हात तसाच राहिला.

पांढऱ्या ठिपक्यांच्या मधोमध एक हिरवा, लोकरीसारखा गोळा उगवला होता.

५

बुरशी. भाकरीवर येते तशी. एरवी मी प्लेट टाकून दिली असती, कारण बुरशी हवेतूनही येते. पण दुसऱ्या प्लेटमध्ये तसाच गोळा होता, आणि तिसरीतही. तोच हिरवा रंग, कडेला पिवळसर. तीन प्लेटांत एकच बुरशी हवेतून टपकत नाही, ती कुणाच्या तरी हातावरून येते.

मी खुर्चीत बसले आणि सोमवारपासून आम्ही सगळे कसे येडे झालो होतो ते लक्षात आलं.

प्लेटा उताण्या होत्या म्हणून आम्ही म्हटलं, काही न येणाऱ्याचं काम, नाहीतर मुद्दाम केलेलं. पण प्लेट जाणूनबुजून उताणी ठेवणारे आणखी एक लोक असतात. बुरशीवाले. बुरशीला वरून कोरडी भुकटी येते. तीच तिची बीजं. प्लेट पालथी केली की ती झाकणात सांडते आणि उघडल्याबरोबर खोलीभर उडते. म्हणून बुरशीवाला प्लेट उताणी ठेवतो, आणि झाकण हलू नये म्हणून दोन बाजूंना दोन पट्ट्या लावतो. अगदी टापटीप. तीस वर्षं मी याच्यावरूनच भांडले होते आणि पट्ट्या समोर असून मला दिसल्या नाहीत. शाबास फौजदारीण!

राहिली अदलाबदल. ज्याला चिमणीचं नुकसान करायचं, तो प्लेटा कचऱ्यात टाकेल. नुसती झाकणं कशाला बदलेल? झाकणं बदलतो तो माणूस, ज्याच्या लेखी झाकणाला काही किंमतच नाही. जुन्या तालमीचा माणूस. आमच्या पिढीला शिकवलंच होतं की नाव तळावर लिहायचं, कारण जंतू तळात असतात आणि झाकण कुठलंही कुठेही बसतं. प्लेटा हातातून पडल्या, झाकणं सुटली, आणि त्याने ती हाताला येतील तशी बसवली. त्याला वाटलं, सगळं जागच्या जागी गेलं. पोरीने नावं झाकणावर लिहिली असतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

बुरशीवाला, जुन्या तालमीचा, रविवारी मागच्या दाराने येणारा, चहा पिणारा.

मी पर्स उचलली आणि निघाले.

६

बुरशीसर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. दुसरा मजला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी दूर देशात. घंटा वाजवली तर आतून बराच वेळ सपातांचा आवाज येत राहिला.

"बाई? तुम्ही?" दार उघडून ते बघतच राहिले. मग घाईघाईने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "या, या. बसा. अहो, तिथे नको, तिथे कागद आहेत. इथेही नको. थांबा हं."

बसायला एकच खुर्ची होती. म्हणजे खुर्च्या होत्या तीन, पण दोनांवर पुस्तकं राहायला आली होती. घरात पाहुणा येतो ही गोष्ट त्या घराला आठवत नव्हती.

सर स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले, मी मागोमाग गेले. ओट्याच्या खिडकीत बशा मांडल्या होत्या. दहा तरी असतील. प्रत्येक बशीत पावाचा ओला तुकडा, वर काचेचं झाकण, दोन बाजूंना दोन पट्ट्या. सगळ्या उताण्या. काहींवर हिरवी, काहींवर काळी, एकीवर केशरी बुरशी.

"प्रयोगशाळा नाही ना आता," सर शरमून म्हणाले. "मग हे असं. शेजारीण म्हणते, म्हातारा पाव नासवतो."

पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी तो थरथरत होता.

"सर, रविवारी प्लेटा पडल्या तुमच्या हातून?"

ते चपापले. "मुनीने सांगितलं?"

"मुनी काहीएक बोललेला नाही. तेच तर झालंय."

"हातच लटपटला हो. माझी प्लेट ठेवायला गेलो नि वरचा गठ्ठा आला खाली. मुनी तेव्हा थंड खोलीत होता. त्याला मी नंतर सांगितलं, पडल्या पण नीट लावून ठेवल्यात. नीट लावल्या होत्या मी, बाई. चष्मा नव्हता डोळ्यावर, पण झाकणं बसवली, पट्ट्या मारल्या." मग माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. झाकणावरची नावं, समिती, शेरा. सर हळूहळू बाहेर आले आणि त्या एकुलत्या खुर्चीत बसले.

"उद्या काढणार त्याला? सोमवारपासून हे चाललंय? आणि मला कुणी एका शब्दाने..."

"तुम्ही तिथे होतात हेच कुणाला माहीत नाही, सर."

"हो," ते म्हणाले. "मी तिथे नव्हतोच ना. कागदोपत्री मी तिथे वर्षभर नाहीये." त्यांनी चष्मा काढला. "एका रविवारी मी नुसता त्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो होतो. घरी बसवेना म्हणून. त्या पोराने दार उघडलं, ओळखलं, आणि काही न विचारता चहा आणून दिला. त्याचे निकाल बघायला त्याच्या मार्गदर्शकाला वेळ नाही. मी बघत गेलो. तो माझ्या बुरशीसाठी इनक्युबेटरमध्ये खालचा कप्पा मोकळा ठेवत गेला. निवृत्त माणसाला आत घेतलं हे कळलं तर किल्ली जाईल, म्हणून मी त्याला म्हटलं होतं, कुणापाशी बोलू नकोस. शब्द पाळला हो त्याने."

ओट्याच्या खिडकीतल्या बशांवर ऊन आलं होतं.

"समिती किती वाजता बसते?" सरांनी विचारलं. "माझा इस्त्रीचा सदरा आहे का बघतो."

७

गुरुवारी समितीच्या खोलीत विभागप्रमुख, मी, एका बाजूला चिमणी आणि एका बाजूला मुनी. मुनी केस विंचरून आला होता. शिक्षा घ्यायला नीटनेटकं जावं असं त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. दार वाजलं आणि बुरशीसर आत आले, तसा तो ताडकन उभा राहिला.

"सर, तुम्ही कशाला आलात!"

आठवड्यातलं त्याचं सगळ्यात मोठ्या आवाजातलं वाक्य.

सरांनी उभ्यानेच सांगितलं. "प्लेटा माझ्या हातून पडल्या, झाकणं मी बसवली, पट्ट्या मी लावल्या." मी बुरशीच्या तीन प्लेटा पुढे केल्या आणि उताणं-पालथं काय असतं ते सांगितलं. विभागप्रमुख घड्याळात बघायचं विसरले. चिमणीने तोंडावर हात ठेवला होता.

"म्हणजे मी नाव तळावर लिहिलं असतं, तर..."

"तर काहीच झालं नसतं," मी म्हटलं. "सोमवारीच बोलणार होते मी, तुझ्या नाकाने बोलू दिलं नाही."

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग मुनीकडे वळली. "मी तुला काय काय बोलले रे! सॉरी. मला आठ दिवस द्या सर, मी पुन्हा लावते प्लेटा. पण याला काढू नका."

विभागप्रमुखांनी मुनीला विचारलं, "तू बोलला का नाहीस? एका वाक्याचं तर काम होतं."

मला वाटलं, मुनी पुन्हा गुळणी धरतोय.

"बोललो असतो तर सरांचं येणं बंद झालं असतं," तो म्हणाला. "रविवारी माझ्याशी कुणीतरी बोलतं. बाकीच्या दिवशी नाही."

त्या प्रयोगशाळेत रोज पंधरा-वीस माणसं असतात. मीही असते.

शेरा रद्द झाला, पहिली वाट मुनीकडेच राहिली. पण विभागप्रमुख झाले तरी शेवटी प्रमुखच. "किल्ली मात्र परत द्यावी लागेल," ते म्हणाले. "परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला आत घेणं हा नियमभंग आहे."

"बाहेरचा माणूस आत आणायची सोय प्रबंधाच्या नियमात आहे," मी म्हटलं. "विद्यार्थ्याने मागितलं तर निवृत्त शिक्षक सहमार्गदर्शक होऊ शकतो. नियम मीच लिहिलेत, वाचले कुणी नाहीत ती गोष्ट वेगळी. मुनी, मागतोस का?"

"हो," मुनी म्हणाला. "मागतो. हो."

सर खिशात रुमाल शोधत होते, तो वरच्याच खिशात होता.

"ठीक आहे," विभागप्रमुख म्हणाले. "पण रविवारी नाही. रविवारी जबाबदार प्राध्यापक हजर असेल तरच प्रयोगशाळा उघडेल. आणि रविवारी यायला कोण तयार होणार?"

त्यांनी फाईल मिटायला घेतली. मुनीने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. सरांचा चेहरा पडला, आणि तरी ते त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "असू दे रे, असू दे. आठवड्यात भेटू की कधीतरी."

मी ती किल्ली उचलली.

"मी येईन," मी म्हटलं. "मला रविवारी काय काम आहे?"

८

पुढच्या रविवारी मी दार उघडलं तेव्हा दोघं आधीच मागच्या पायऱ्यांवर येऊन बसले होते. सरांनी घरच्या तीन बशा फडक्यात बांधून आणल्या होत्या, मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत त्यांना एक फळी मोकळी करून दिली. इनक्युबेटरमध्ये वर मुनीच्या प्लेटा पालथ्या, खाली सरांच्या उताण्या. मी सवयीने भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या वर्षी मीही निवृत्त होतेय. ही किल्ली मलाही परत द्यायची आहे, आणि मग माझं रविवारी काय होणार ते मला सरांचं घर बघितल्यापासून पक्कं माहीत आहे.

चहाची वेळ झाली तशी आम्ही पायऱ्यांवर येऊन बसलो. समोर ग्रंथालयाच्या खिडकीत लंबूची मान कलंडलेली दिसत होती. मुनी आत गेला आणि दारातून वाकून त्याने विचारलं,

"मॅडम, साखर किती?"

घरी चहा मीच करते, मीच पिते. किती वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"दीड चमचा," मी म्हटलं, आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. सर दुसरीकडे बघत होते.